बिनदोरीची पाटी

भाऊ रविवारी मुलांची परीक्षा घ्यायला येणार म्हटल्यावर शुभानं शुक्रवारीच कडवे वाल भिजत घातले. भाऊ कर्णिक तिचा थोरला भाऊ, वांद्र्याच्या एका शाळेत हेडमास्तर. वालाच्या बिरड्यापुढे त्याची विद्वत्ता जरा सैल पडते, हा तिचा माहेरपासूनचा अनुभव होता.

सैल पडायला हवीच होती. शुभाच्या सासरच्यांनी, टिपणीसांनी, ठाणं सोडून मुलुंडला बिऱ्हाड हलवलं ते गेल्या वर्षी, शाळा भरून गेल्यावर. जवळच्या शाळेत जागा नव्हती. वर्षभर घरी तयारी करून घ्या, पुढच्या जूनमध्ये परीक्षा घेऊन क्षमाला तिसरीत आणि जयूला दुसरीत बसवू, असं तिथल्या मास्तरांनी सांगितलं. तेव्हा शुभाचे सासरे अण्णा आरामखुर्चीतून म्हणाले होते, "मग अडलंय काय? मी आहे ना!" अण्णा ठाण्याच्या कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार. बायको गेल्यापासून ते कशातच नसायचे. म्हातारा गुंततोय तर गुंतू दे, असं शुभाच्या नवऱ्याला, मधुकरला वाटलं, आणि आपल्या वडिलांवर आणि पोरांवर एकदमच लक्ष ठेवल्याचं समाधान त्याला फुकटात मिळालं.

तेव्हापासून रोज सकाळी पुढची खोली आतून बंद व्हायची. आत पाढे चालत, पाटीवर पेन्सिल किरकिरे, आणि मधूनच अण्णांची "शाबास!" अशी गर्जना ऐकू येई. शिकवणी चालू असताना कुणी आत यायचं नाही असा हुकूम होता. शुभाला तो मोडायची हौस नव्हती, कारण ओट्यापाशी दोन तास पोरांची लुडबुड नसणं हे सुख तिला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळत होतं.

आणि आता भाऊनं एक पुस्ती जोडली होती. मुलं तयार नसतील तर मी दोघांना वांद्र्याला घेऊन जातो, माझ्याकडे राहून शिकतील, सणावाराला येतील. हे अण्णांच्या समोरच झालं. त्या दिवसापासून अण्णांनी दुपारची झोप सोडून शिकवणी दोन वेळा सुरू केली, आणि जेवताना दोन्ही मुलं आपल्या दोन बाजूंना बसली आहेत ना, हे ते हात लावून बघायला लागले.

रविवारी सकाळी शुभा परातीत वाल घेऊन सोलायला बसते न बसते तोच दारात आवाज आला, "बिरडं आहे वाटतं आज?"

अण्णांची धाकटी बहीण माई घाटकोपरहून आली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. बोलावण्याची वाट बघत बसणाऱ्यांतली ती नव्हतीच.

"या ना आत्याबाई," शुभा म्हणाली आणि तिनं कपाळ दाबून धरलं.

"डोकं दुखतंय?"

"नाही हो, जरा ऊन लागलं."

"मी आले की तुला बरं ऊन लागतं," असं म्हणत माईनं परात आपल्याकडे ओढली आणि चिमटीत दाबून वाल सोलायला सुरुवात केली. दोन सोलले की एक तोंडात, असा तिचा हिशोब होता.

भाऊ आला तो कडक इस्त्रीच्या कोटात, बगलेत एक नवं पुस्तक आणि हातात एक नवीकोरी पाटी घेऊन. "बक्षीस," तो म्हणाला, "अर्थात उत्तरं बरोबर आली तर." परीक्षेला कोर्टासारखी मांडामांड झाली. पुढच्या खोलीत एका बाजूला अण्णा मांडी घालून बसले, त्यांच्यासमोर एक रिकामा पाट, पाटापलीकडे माई परातीसकट, तिच्या शेजारी शुभा. मधुकर दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला, म्हणजे वेळ आली तर बाहेर सटकता यावं. मुलं मध्ये उभी. भाऊ एकटा खुर्चीवर.

"क्षमाताई, हे वाचा बघू. कुठलंही पान."

आठ वर्षांच्या क्षमानं पुस्तक उघडलं. खूप वेळ पाहिलं. मग सात वर्षांच्या जयूनं मान लांब करून पाहिलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मामा, ह्यातली अक्षरं अशी सुटीसुटी का आहेत?" क्षमानं विचारलं.

"भांडलीयत," जयू म्हणाला.

"सुटी म्हणजे? हे 'क' आहे. हे काय आहे?"

क्षमाला ते लागेना. शुभाच्या हातातला वाल हातातच राहिला. वर्षभर दार बंद करून आत चाललं होतं काय?

"तिला वाचायला संकोच होतो," अण्णा म्हणाले. "लिहायला सांगा. हात बघा तिचा."

भाऊनं नवी पाटी तिच्या हातात दिली. "लिही. तुझं संपूर्ण नाव."

क्षमाचा चेहरा खुलला. तिनं आधी पाटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक सरळ रेघ ओढली आणि मग त्या रेघेला खालून अक्षरं लटकवत, पेन्सिल न उचलता, झरझर लिहीत गेली. भाऊ पाटीवर वाकला. चष्मा काढून पुसून पुन्हा वाकला.

"तिचं अक्षर जरा वाईट आहे," मधुकर दारातून म्हणाला. हे त्यानं वर्षात चारदा पाहिलं होतं आणि चारही वेळा ओरडला होता. एकदा तर दहा वेळा गिरवायला लावलं होतं. तिनं बिचारीनं दहाही वेळा तंतोतंत तसंच काढलं, तेव्हा हे वळण कर्णिकांकडून आलं असावं असं ठरवून त्यानं तो विषय मिटवला होता.

"मधुकरराव," भाऊ सावकाश म्हणाला, "ही मोडी आहे."

"काय?"

"मोडी! शाळांतून केव्हाच उठली ती. तुम्ही शाळेत शिकला असाल ना?"

मधुकर शिकला नव्हता. मोडीच्या तासाला तो खिडकीतून उडी मारून तळ्यावर जायचा, आणि त्या उडीचा जाब आज वांद्र्याचा हेडमास्तर मागेल असं त्याला तेव्हा वाटलं नव्हतं. शुभाच्या शाळेत मुलींना त्या तासाला शिवण असे. म्हणजे ह्या घरात पोरं काय लिहितात हे वाचू शकणारा माणूस एकच होता, आणि तो मांडी घालून शांत बसला होता.

"अण्णा!" शुभाच्या तोंडून निघालं. "बाळबोध नाही शिकवलंत?"

"बाळबोध काय, कुणालाही येते. छापखान्याची लिपी ती. आठ दिवसांचं काम. आधी हात तयार व्हायला हवा."

"पण शाळेत हे चालणार कुठं?" भाऊचा आवाज चढला. "अहो, हेडमास्तराची भाची तिसरीच्या वयाची आणि तिला 'क' ओळखता येत नाही! मी लोकांना तोंड काय दाखवू? शुभा, दोघांचे कपडे भर. मी आजच घेऊन जातो."

जयूनं आजोबांच्या सदऱ्याचं टोक धरलं. अण्णांनी त्याच्या हातावर हात ठेवला. पोराची मूठ त्यांनी जरा जास्तच आवळली.

"मधू, तू काहीतरी बोल ना," माई म्हणाली.

"मी काय बोलू, आत्या? भाऊंचं म्हणणं... आणि अण्णांचंही..."

"बस खाली. ह्याच्यापेक्षा दार बरं, निदान उघडझाप तरी करतं."

शुभा भाऊच्या बाजूनं होती. तिला राग आला होता आणि त्या रागात लाजही होती, कारण दार तिनंही कधी ढकललं नव्हतं. "थांब भाऊ," ती म्हणाली, "निदान ह्या मोडीत तरी येतं का नीट, ते बघू. की तेही नुसतं गिरवलंय?"

भाऊला ते पटलं. परीक्षा म्हटली की त्याला नाही म्हणवत नसे. "ठीक. पुसा ते नाव. दोघं मिळून मनानं चार ओळी लिहा. घरच्या माणसांविषयी. अण्णासाहेब वाचतील."

मुलं कोपऱ्यात पाटीवर ओणवी झाली. जयू कानात सांगत होता आणि क्षमा लिहीत होती. मध्येच दोघं खुसखुसली. घरच्या माणसांविषयी लिहिण्याचा त्यांना दांडगा सराव दिसत होता.

लिहून झाल्यावर क्षमा पाटी घेऊन आजोबांकडे निघाली, तर भाऊनं ती मध्येच घेतली आणि पाटावर ठेवली. क्षमानं पाटीला हात लावला.

"अं हं! परीक्षा आहे. हात लावायचा नाही."

"मामा, पण ती जरा..."

"मागं हो."

अण्णा पाटावर वाकले. कोर्टात अर्ज वाचताना लावत तो आवाज त्यांनी लावला. "आमचे मामा फार विद्वान आहेत. मामी सुगरण आहे. आई-बाबा आमची काळजी घेतात. आम्हांला आजोबांकडे शिकायला आवडते."

"वा!" मधुकर म्हणाला. त्याला आपल्या मुलांचा एकदम अभिमान वाटला.

माईचा वाल मात्र चिमटीतच होता. ती पाटीकडे बघत होती.

माईला मोडी येते हे ह्या जगात कुणाला ठाऊक नव्हतं. लहानपणी वडील अण्णाला मोडी शिकवायचे तेव्हा ती समोर बसून असेच वाल सोलायची. मुलीच्या जातीनं पाटीजवळ यायचं नाही, पण वाल कुठं बघून सोलावे ह्याचा काही नियम नव्हता. ती शिकली ती सगळी समोरून, उलटी. पुढं नवऱ्याची पत्रं तो बाहेर गेला की ती काढायची, उलटी धरायची आणि वाचायची. बरीचशी करमणूक तिला त्यातून झाली होती.

आज अक्षरं तिला लागेचनात. डोकं खाली पाय वर अशी ज्यांना ती आयुष्यभर ओळखत आली ती अक्षरं आज भलतीच दिसत होती. मग तिच्या लक्षात आलं, की पाटी तिच्याकडून सुलटी आहे. तिनं लहान पोरासारखं एकेक अक्षर लावलं, आणि पहिलीच ओळ लागल्यावर तिला असं हसू आलं की तोंडातला वाल नाकात गेला.

"काय झालं आत्याबाई?"

"ठसका लागला गं. कडू निघाला एक."

अण्णा पाटीवर नाही ते वाचून पोरांना वाचवत होता तर. पक्का शिरस्तेदार! माई मनातल्या मनात त्याला शाबासकी देत होती, आणि मध्येच तिचं हसू थांबलं. पाटी आपल्याकडून सुलटी आहे, म्हणजे त्याच्याकडून उलटी. अण्णाला उलटं वाचायची काय गरज पडली होती कधी? त्यानं पाटी फिरवलीसुद्धा नाही. वाकला, आणि धाडधाड बोलत सुटला.

तिनं वर पाहिलं. अण्णांची नजर पाटीवर होती आणि नव्हतीही. बुबुळांवर साय धरल्यासारखी दिसत होती. शेजारी क्षमा ओठ दाबून उभी होती, दोन्ही हात पाठीमागं, जणू ते तिच्या नकळत पाटी फिरवायला जातील.

अण्णाला दिसत नाही. छापलेलं पुस्तक त्याला वाचताच येत नाही, म्हणून बाळबोध नाही. मोडी हाताला पाठ आहे, म्हणून मोडी. आणि पोरांना हे माहीत आहे. तिचे वडील डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर अंथरुणावरून उठलेच नव्हते. अण्णा का गप्प बसला असेल ते तिला कुणी सांगायला नको होतं.

"छान," भाऊ म्हणाला. "पण अण्णासाहेब, चार ओळी म्हटल्या तर पाटी दोन्ही टोकांपर्यंत भरलीय. पुन्हा एकदा वाचा. ह्या वेळी एकेका शब्दावर बोट ठेवून. मलाही थोडी लागते मोडी, ताडून बघतो."

अण्णांचं बोट पुढं आलं आणि पाटीच्या वर हवेत थांबलं.

क्षमा रडवेली झाली. जयूनं डोळे मिटले.

"थांब रे अण्णा," माई म्हणाली. "तू वाचलंस ते सगळं खोटं आहे. मी वाचते." तिनं ओले हात पदराला पुसले आणि पाटी पाटावरून उचलून चक्क उलटी धरली. उलटी धरल्यावर तिला धडाधड लागलं.

"'मामा घोरतो. घोरताना शिट्टी वाजते.'"

"आत्याबाई!"

"'मामी दुधात पाणी घालते आणि मग वर साय सोडून आम्हाला देते. बाबा आईला भितात. बाबा ऑफिसात पण झोपतात असं आई म्हणते. माईआजी आल्या की आईचं डोकं दुखतं. माईआजी गेल्या की थांबतं. आम्हाला वांद्र्याला जायचं नाही.' झालं."

सगळे एकदम बोलायला लागले. भाऊ म्हणाला की शिट्टी ही निव्वळ कल्पना आहे. मधुकर म्हणाला, "शुभा, ऑफिसचं तू पोरांना सांगतेस?" शुभा म्हणाली, "अहो, आत्याबाई, मुलं आहेत ती, काहीही..." आणि लाल झाली. भाऊ पुन्हा म्हणाला की दूध आमच्याकडे रोज म्हशीचं येतं. ह्या गलबल्यात, माईला मोडी येते ह्याचंसुद्धा कुणाला आश्चर्य करायला फुरसत मिळाली नाही, आणि अण्णांना बोट ठेवून वाचायला लावायचं होतं हे तर भाऊ साफ विसरला.

"अण्णासाहेब, हे बरोबर नाही," तो शेवटी म्हणाला. "नातवंडांना पाठीशी घालायला तुम्ही चक्क खोटं वाचलंत!"

अण्णांनी माईच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "चुकलो," ते म्हणाले. कोर्टात आयुष्य काढलेल्या माणसाला कोणता गुन्हा कबूल करावा हे कळत होतं.

"शुभा, कपडे भर."

शुभा उठली नाही. ती पाटीकडे बघत होती. तिला त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं, आणि तिच्या पोरीनं ते सगळं दोन मिनिटांत, मनानं, एकही शब्द न खोडता लिहिलं होतं. त्यात तिची अब्रू गेली होती ही गोष्ट वेगळी.

"भाऊ, तुझ्या तिसरीतली किती पोरं अशी मनानं लिहितात रे?"

"म्हणजे?"

"न बघता, न सांगता. एवढं भरून."

भाऊनं कोटाचं बटण लावलं. तो अप्रामाणिक माणूस नव्हता. "असं... मनानं नाही लिहीत," तो म्हणाला. "निबंध पाठ करतात."

"मग ह्यांना लिहिता येतं. लिपी तेवढी चुकलीय. ती शिकवायला वांद्र्याला कशाला न्यायला हवं?"

"शिकवणार कोण? तुला सवड आहे?"

"मी शिकवते," माई म्हणाली. "बाळबोध पोथीपुरती मलाही येते. शाळा सुरू होईपर्यंत इथंच राहते. पोरांच्या समोर बसेन, पुस्तक त्यांच्याकडे तोंड करून ठेवीन. मला उलटंच बरं लागतं. अण्णा बसेल शेजारी, पाढे घेईल, हाताला वळण लावील."

म्हणजे महिनाभर मुक्काम. शुभानं एका बाजूला आपली मुलं ठेवून पाहिली, दुसऱ्या बाजूला महिनाभराची डोकेदुखी. सगळे तिच्याकडे बघत होते. अण्णाही, पण ते जरा चुकीच्या ठिकाणी बघत होते, तिच्या खांद्यापाशी कुठंतरी.

"राहा आत्याबाई," ती म्हणाली. "मी अमृतांजनाची मोठी बाटली आणून ठेवते."

माई खो खो हसली. शुभाही हसली, आणि ह्या बाईबरोबर आपण पहिल्यांदाच हसतोय हे तिच्या लक्षात आलं.

भाऊ बिरडं तीनदा घेऊन जेवला आणि जेवून पुढच्या खोलीत आडवा झाला. थोड्याच वेळात शिट्टी वाजायला लागली. मधुकर ऐकायला मुद्दाम दारापर्यंत जाऊन आला.

उन्हं उतरल्यावर अण्णा आणि माई मागच्या ओट्यावर बसले. शेजारच्या आवारात कुणीतरी गाद्या झटकत होतं.

"तुला मोडी कधीपासून येते?" अण्णांनी विचारलं.

"तुला येते तेव्हापासून. मी समोर वाल सोलत असायची."

"म्हणजे सगळी उलटी?"

"सगळी. आयुष्यभर उलटीच वाचली." माईनं त्यांच्याकडे पाहिलं. "आज तेवढी पाटी सुलटी दिसली."

गाद्या झटकणं थांबलं.

"आमच्या रोजच्या पाटीला दोरी आहे," अण्णा म्हणाले. "पुसायचं फडकं बांधलेली, वरच्या कोपऱ्यात. हाताला लागते. भाऊची पाटी बिनदोरीची होती."

"डॉक्टरला दाखवायचं."

"बाबांचं काय झालं आठवतं ना?"

"आठवतं. तरी दाखवायचं. मी येईन बरोबर."

"बघू." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "माई, पोरांना सांगू नकोस. आजोबाला अक्षर दिसत नाही म्हटलं तर माझ्याकडे शिकतील का ती?"

माई उत्तर देणार तोच आतून क्षमा धावत आली. तिच्या मागं जयू, एक बोट तोंडात घालून. त्याला खिळा लागला होता. क्षमानं मामाची नवी पाटी आजोबांच्या मांडीवर ठेवली. लाकडी चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात वेडंवाकडं भोक पाडून तिनं दोरी ओवली होती, चांगल्या तीन गाठी मारून.

"आजोबा, ही पण झाली," ती म्हणाली. "आता पुढचं सांगा."

अण्णांनी चौकटीवरून बोटं फिरवली. बोटं दोरीपाशी आली, एकेका गाठीवरून गेली आणि तिथंच थांबली. पाटी फिरवावी लागली नाही. ती बरोबरच ठेवलेली होती.

त्यांनी क्षमाचा हात चाचपून पेन्सिलीसकट आपल्या हातात घेतला. मग त्यांनी कोर्टातला आवाज लावला.

"आधी रेघ ओढ," ते म्हणाले. "या टोकापासून त्या टोकापर्यंत."